बाबांचं २००८चं नेटबुक: डेबियन बसवलं, पण फारच संथ चालतंय. मदत हवी

माडाची_सावली | ४ जानेवारी २०२६, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

दिवाळीत गावी गेले तेव्हा माळ्यावर बाबांचं जुनं नेटबुक सापडलं. आसूस ई-पीसी १०००एच. इंटेल ॲटम एन२७० प्रोसेसर, १.६ गिगाहर्ट्झ, १ जीबी रॅम, १६० जीबीची फिरती हार्डडिस्क, १० इंची स्क्रीन. त्यावर मुळात एक्सपी होतं. त्याचे अपडेट २०१४ मध्येच बंद झाले, म्हणून ते इंटरनेटला जोडायचं नाही असं ठरवलं.

बाबा लांज्याकडे असतात, प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेत. गावातल्या जुन्या विहिरी, पऱ्ये (लहान ओढे), पाणंदी यांच्या नोंदी ते गेली चार-पाच वर्षं वहीत करताहेत. कुठली विहीर कोणी बांधली, कुठल्या महिन्यापर्यंत पाणी टिकायचं, वगैरे. आता ते सगळं टाइप करायचं मनावर घेतलंय आणि ते याच यंत्रावर करायचंय. मी नवा लॅपटॉप देऊ केला, तर म्हणाले, "ह्याचा कीबोर्ड हाताला बसलेला आहे, मांडीवर घेऊन ओसरीवर बसता येतं." दीड किलोच्या आतलं वजन आहे, त्यामुळे तेही खरंच.

मी डेबियन १२ या लिनक्सची ३२-बिट आवृत्ती (जुन्या प्रोसेसरांसाठीची) एक्सएफसीई या डेस्कटॉपसह बसवली. सी ड्राइव्ह पुसून तिथे लिनक्स आहे, डी ड्राइव्हवर बाबांची जुनी कागदपत्रं तशीच ठेवलीत. अडचण अशी की चालू करून हातात यायला ३ मिनिटं १० सेकंद लागतात. फायरफॉक्स उघडायला दीड मिनिट. टाइप करताना मध्येच सगळं गोठतं आणि मग अक्षरं एकदम येतात.

नेटवर वाचून केलेले उपाय: स्वॅपिनेस (रॅममधलं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, किती लवकर हलवायचं तो आकडा) १० केलं, प्रीलोड बसवलं, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) 'मिटिगेशन्स ऑफ' (प्रोसेसरच्या सुरक्षेचे उपाय बंद) दिलं, ॲनिमेशन बंद केली. तसूभरही फरक नाही.

याहून हलकं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) घ्यावं का? अँटीएक्स की पपी?

---

रानवारा | ४ जानेवारी, रात्री १०:०२

माझं मत अँटीएक्स. डेबियनवरच उभं आहे, सिस्टमडी (सुरू होताना सगळ्या सेवा चालवणारी व्यवस्था) नाही, आइसडब्ल्यूएम हा अगदी हलका विंडो मॅनेजर आहे आणि सुरू झाल्यावर २०० एमबीच्या आत रॅम खातं. एक्सएफसीई १ जीबीवर चालतो, पण ब्राउझर उघडला की जागाच उरत नाही.

पपीही चांगलं, सगळी सिस्टम रॅममध्ये उचलून ठेवतं म्हणून चपळ वाटतं. पण ज्येष्ठ माणसाच्या हाती द्यायचं तर पपीची जतन करण्याची पद्धत वेगळी आहे, ती आधी समजावून सांगावी लागेल.

---

खटपट्या | ४ जानेवारी, रात्री ११:२५

ताई, डिस्ट्रो बदलण्याआधी थोडं थांबा. आधी मोजून बघू की यंत्र नक्की कशाची वाट बघतंय. मी अशी दहा-बारा नेटबुकं दुरुस्त केली असतील. 'हलकं डिस्ट्रो टाका' या सल्ल्यावर लोक तीन-तीन वेळा इन्स्टॉल करतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

तुम्ही केलेल्या उपायांबद्दल:

'मिटिगेशन्स ऑफ' एन२७० ला लागूच होत नाही. मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही भगदाडं निघाली ती सूचनांचा क्रम बदलून, पुढचा अंदाज बांधून आधीच काम करून ठेवणाऱ्या प्रोसेसरांत. तुमचा ॲटम सूचना आल्या त्याच क्रमानं चालवतो. कर्नलला हे माहीत आहे, म्हणून तो या चिपवर ते संरक्षण लावतच नाही. जे लावलेलंच नाही ते बंद करून वेग कुठून येणार? काढून टाका ते.

प्रीलोड म्हणजे जे लागेल असं वाटतं ते आधीच रॅममध्ये आणून ठेवणं. ज्या घरात मोकळी खोली आहे तिथे ते ठीक. १ जीबीत उलट अडचण वाढवतं. तेही काढा.

आता चार गोष्टी बघून इथे लिहा:

१. फायरफॉक्स उघडताना शेजारी टर्मिनलमध्ये 'व्हीएमस्टॅट १' चालू ठेवा. त्यातले 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ), 'एसआय' आणि 'एसओ' (स्वॅपमधून आत आणि स्वॅपकडे बाहेर) हे रकाने.
२. 'स्मार्टसीटीएल'नं हार्डडिस्कची प्रकृती. रीॲलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (वाचताना अडलेले) सेक्टर किती?
३. सिस्टमडी-ॲनलाइझ ब्लेमच्या (सुरू होताना कशाला किती वेळ लागला त्या यादीच्या) वरच्या पाच ओळी.
४. सिस फोल्डरात डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, ईईईपीसी या वाटेनं गेलात की 'सीपीयूएफव्ही' नावाची फाइल असेल. तिच्यात कोणता आकडा आहे?

---

माडाची_सावली | १० जानेवारी, संध्याकाळी ७:४०

खटपट्यादादा, शनिवारी गावी आले तेव्हा सगळं बघितलं.

व्हीएमस्टॅट: फायरफॉक्स उघडताना 'डब्ल्यूए' ५० च्या आसपास, मध्येच ८५-९० पर्यंत जातो. 'एसओ' सारखा हलतोय, म्हणजे स्वॅप चालू आहे असं मी समजते. प्रोसेसर स्वतः मात्र फार काम करताना दिसत नाही, 'यूएस' (प्रोग्रॅम चालवण्यात गेलेला वेळ) १० ते २०.

स्मार्ट: रीॲलोकेटेड सेक्टर २१२, पेंडिंग ३८.

ब्लेम: सगळ्यात वर नेटवर्क मॅनेजर वेट ऑनलाइन, मग ॲप्ट डेली, मॅन-डीबी, ई-टू स्क्रब, प्लायमाउथ.

सीपीयूएफव्ही: शून्यानंतर एक्स आणि मग ३०२.

---

खटपट्या | १० जानेवारी, रात्री ८:१५

बाकी सगळं सोडा, आधी बाबांची कागदपत्रं बाहेर काढा. आज रात्रीच. डी ड्राइव्हवरचं सगळं पेन ड्राइव्हवर घ्या, एखादी फाइल अडली तर 'डीडीरेस्क्यू' (बिघडत्या डिस्कवरून मजकूर काढणारा प्रोग्रॅम) वापरा. ३८ पेंडिंग म्हणजे ३८ जागा अशा आहेत जिथलं वाचताना डिस्क अडखळतेय. अशा जागेवर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ सगळं यंत्र गोठतं. टाइप करताना होतं ते हेच. ही डिस्क फार दिवस टिकणार नाही.

आता आकडे. एन२७० मध्ये कोअर एकच, पण हायपरथ्रेडिंगमुळे लिनक्सला दोन प्रोसेसर दिसतात. म्हणून 'डब्ल्यूए' ५० दिसतो तेव्हा दोहोंपैकी एक पूर्णवेळ डिस्कची वाट बघत बसलेला असतो. ९० म्हणजे दोन्ही. तुमचा प्रोसेसर थकलेला नाही, रिकामा बसलाय.

फिरती डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला ११ मिलिसेकंद, हवी ती जागा खाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय वाचणारी मुंडी सरकायचा वेळ वेगळा. एका लहान वाचनाला १५ ते १८ मिलिसेकंद धरा. सेकंदाला साठेक वाचनं झाली. फायरफॉक्ससारखा प्रोग्रॅम उघडताना विखुरलेल्या हजारो छोट्या जागा वाचतो. भागाकार तुम्हीच करा. त्यात रॅम कमी म्हणून स्वॅपही त्याच डिस्कवर.

तेव्हा औषध दोनच: लहानशी साटा एसएसडी (न फिरणारी, चिपांची डिस्क) आणि २ जीबीची रॅम. दोन्हींसाठी तळाचं झाकण उघडायचं, १०००एच मध्ये रॅम आणि डिस्क एकाच झाकणाखाली आहेत. रॅमचा स्लॉट एकच, २ जीबीच्या वर घेत नाही. या चिपसेटचा साटा जुना आहे, एसएसडी तिच्या पूर्ण वेगानं पळणार नाही, पण त्यानं काही बिघडत नाही. आपल्याला वाचवायचाय तो मुंडी सरकण्यात जाणारा वेळ, आणि तो पूर्ण वाचतो.

३०२ मधला ३ म्हणजे एकूण तीन अवस्था, शेवटचा २ म्हणजे सध्याची अवस्था: वीज बचत. बसचा वेग खाली ओढलेला आहे. त्या फाइलीत १ लिहिलंत की नेहमीच्या वेगावर येईल. हे बूट होताना आपोआप व्हावं म्हणून सिस्टमडीची एक छोटी सर्व्हिस करून देतो.

---

गोदाकाठ | ११ जानेवारी, सकाळी १०:३०

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. एसएसडी, रॅम, एवढी मेहनत घेऊन हातात काय राहणार? ३२-बिटचे दिवस संपलेत. उबुंटूनं केव्हाच सोडलं, फेडोरानं २०१९ साली ३१ व्या आवृत्तीत ३२-बिट कर्नल काढून टाकला, आर्चनं २०१७ मध्येच. गेल्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं, त्यात ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. फायरफॉक्सनंही १४४ नंतर लिनक्सच्या ३२-बिट आवृत्त्या थांबवल्या. याऐवजी एखादा वापरलेला ६४-बिट लॅपटॉप घ्या, पुढची सात-आठ वर्षं चिंता नाही.

---

माडाची_सावली | ११ जानेवारी, दुपारी १:०५

गोदाकाठ, राग कसला, तुमचं पटतंयच. हाच विचार मीही केला होता. पण बाबांना जे करायचंय त्याला ब्राउझर फार लागत नाही. लिहायचं, आठवड्याला मला मेल करायची, कधी गझेटिअरची पीडीएफ चाळायची. मोठा लॅपटॉप घरात आहे, माझ्या भावाचा. त्याला ते हात लावत नाहीत. याला लावतात.

---

खटपट्या | ११ जानेवारी, दुपारी २:४०

गोदाकाठ म्हणतात ते सगळं खरं आहे आणि ज्याला बँकेची कामं, व्हिडिओ कॉल करायचेत त्याला मीही हेच सांगेन. इथे मुदत किती ते बघू. डेबियन १२ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट या जूनपर्यंत आणि त्यानंतर दीर्घ मुदतीचे अपडेट जून २०२८ पर्यंत. फायरफॉक्सची ईएसआर (दीर्घ मुदतीची आवृत्ती) १४० किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत. बाबांचं लिखाण अडीच वर्षांत पूर्ण होईल असं धरलं तर, ब्राउझर सोडून, सुरक्षित हद्दीत आहोत. ताई, एकच: डेबियन १३ वर अपग्रेड करायचा प्रयत्न या यंत्रावर करू नका.

---

माडाची_सावली | २४ जानेवारी, रात्री ९:५०

दोन आठवड्यांचा वृत्तान्त.

कागदपत्रं सुखरूप निघाली, दोन फाइली सोडून. त्याही डीडीरेस्क्यूनं दुसऱ्या रात्री निघाल्या.

रॅमपायी एक फेरी फुकट गेली. ज्या दुकानातून घेतली तिथल्या माणसाला मी यंत्राचं नाव-गाव सगळं सांगितलं होतं, तरी डीडीआर३ दिली. ती बसेना. जोर लावणार तेवढ्यात बाबांनी हात धरला, म्हणाले, "खाच बघ." जुनी आणि नवी पट्टी शेजारी धरली तर खाचेची जागा वेगळी. परत केल्यावर दुकानदारानं टाळाटाळ करत चौथ्या दिवशी डीडीआर२ दिली, २ जीबीची, लॅपटॉपची. जो कोणी हे करेल त्यानं जुनी पट्टी सोबत न्यावी.

एसएसडी १२० जीबीची बसवली. आत पंख्यात कापसासारखी धूळ होती, ती मऊ ब्रशनं काढली.

आता नवीन घोळ. डेबियन नव्यानं बसवतेय तर ॲप्ट (प्रोग्रॅम उतरवून बसवणारं साधन) म्हणतं, रिलीज फाइल अजून वैध नाही. कुठलीही साइट उघडली की सुरक्षेचा इशारा येतो. वायफाय चालू आहे. काय चुकलं?

---

निशिगंध | २४ जानेवारी, रात्री १०:०५

माडाची_सावली, कोपऱ्यातलं घड्याळ बघ. तारीख कुठली दाखवतंय?

---

माडाची_सावली | २४ जानेवारी, रात्री १०:०९

१ जानेवारी २००८!

---

निशिगंध | २४ जानेवारी, रात्री १०:१६

मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलाय. बॅटरी काढली किंवा पूर्ण उतरली की यंत्र तारीख विसरतं. यंत्राच्या लेखी आज २००८ साल आहे, म्हणून २०२६ ची प्रत्येक गोष्ट त्याला भविष्यातली वाटते. ॲप्टची यादी, साइटची प्रमाणपत्रं, सगळंच. आत्ता हातानं तारीख लाव, काम सुरू होईल. सेल मात्र बदलून घे. बाबांकडे वीज जात असेल ना सारखी? मग बॅटरी उतरली की दर वेळी हेच होईल.

---

खटपट्या | २४ जानेवारी, रात्री १०:४०

निशिगंधताईंनी अचूक ओळखलं.

नव्यानं बसवताय तर थोडं सांगतो. बायोसमध्ये एफ२ नं जा आणि 'बूट बूस्टर' बंद करा. ते चालू असलं की यंत्र सुरुवातीच्या तपासण्या टाळतं आणि कळ दाबायला वेळच मिळत नाही. मग सुरू होताना एस्केप दाबा, पेन ड्राइव्ह निवडायची यादी येते. वायफायचं फर्मवेअर वेगळं शोधावं लागणार नाही, डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरातच असतं.

पुढे सॉफ्टवेअर निवडायचा पडदा येईल. तिथे फक्त एलएक्सडीई (एक्सएफसीईहून हलका डेस्कटॉप) आणि 'स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज' एवढ्यावरच खूण ठेवा. रानवारांचा अँटीएक्सचा सल्ला वाईट नव्हता, पण २ जीबी झाल्यावर साध्या डेबियनवर एलएक्सडीई पुरतो. आणि अडलं तर विचारायला माणसं जास्त मिळतात.

स्वॅपचं विभाजन करू नका. त्याऐवजी 'झेडरॅम-टूल्स' बसवा. रॅमचाच एक भाग दाबून-चेपून स्वॅप म्हणून वापरायचा, असा तो प्रकार. सेटिंगच्या फाइलीत पद्धत एलझेड४ आणि प्रमाण ५० टक्के ठेवा. झेडस्टँडर्ड जास्त दाबतं, पण या ॲटमला ते जड जातं. एलझेड४ कमी दाबतं आणि पटकन सोडतं, आपल्याला तेच हवं.

मग स्वॅपिनेस १००. हो, शंभर. १० चा सल्ला त्या काळचा, जेव्हा स्वॅप म्हणजे फिरती डिस्क होती आणि तिथे जाणं म्हणजे शिक्षा होती. आता स्वॅप रॅममध्येच आहे, तेव्हा न लागणारी पानं लवकर चेपून ठेवलेली बरी.

फाइलसिस्टमच्या ओळीत 'नो-ए-टाइम' घाला, म्हणजे नुसतं वाचलं म्हणून लिहिणं होत नाही. नेटवर्क मॅनेजर वेट ऑनलाइन बंद करा, घरच्या यंत्राला नेट येईपर्यंत बूट अडवायची गरज नाही.

एवढंच करा आणि पुन्हा मोजा.

---

माडाची_सावली | २५ जानेवारी, रात्री ८:२०

मोजलं.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप हातात येईपर्यंत: ४१ सेकंद. आधी ३ मिनिटं १० सेकंद.
सुरू झाल्यावर रॅम: २६८ एमबी.
फायरफॉक्स: ११ सेकंद.
लिब्रेऑफिस रायटर: पहिल्यांदा १४ सेकंद, नंतर ६. जावा बंद केल्यावर पहिली वेळ ११ वर आली.
व्हीएमस्टॅटमध्ये फायरफॉक्स उघडताना 'डब्ल्यूए' ५ च्या खाली. आता 'यूएस' ९० च्या वर जातो, म्हणजे पहिल्यांदाच प्रोसेसर काम करताना दिसतोय.

एक गोष्ट मुद्दाम करून पाहिली. एसएसडी आणि रॅम तशीच ठेवून झेडरॅम, स्वॅपिनेस, नो-ए-टाइम हे सगळं काढून पुन्हा मोजलं. बूट ४६ सेकंद. म्हणजे ४१ आणि ४६. मी महिनाभर ज्या सेटिंगांच्या मागे होते त्यांचा वाटा ५ सेकंदांचा. फक्त ब्राउझरात चार टॅब उघडले तेव्हा झेडरॅमचा फरक स्पष्ट कळला: त्याशिवाय यंत्र अडकलं, त्याच्यासह चाललं.

---

रानवारा | २५ जानेवारी, रात्री ८:५५

हे आकडे मी जपून ठेवतोय. मी आजवर प्रत्येकाला आधी डिस्ट्रो बदलायला सांगत आलो. यापुढे स्मार्टचा अहवाल आधी मागेन.

---

माडाची_सावली | १ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

आता मराठीचं. बाबांनी एमएस-सीआयटी केलं तेव्हा इन्स्क्रिप्ट (देवनागरी कळांची प्रमाण मांडणी) शिकले होते, बोटं तशीच चालतात. मी आय-बस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करायचा प्रोग्रॅम) बसवला, तर सुरू झाल्यावरची रॅम वाढली आणि कधीकधी भाषा बदलतच नाही. शिवाय 'पऱ्या' लिहिताना 'पर्या' होतं. बाबा अस्वस्थ आहेत, कारण पानोपानी पऱ्या आहे. अक्षरांचं वळणही त्यांना आवडलेलं नाही: "हा ल आपला नाही."

---

निशिगंध | १ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

बाबांची नजर पक्की आहे. मी मुद्रितशोधनाचं काम करते, म्हणून हे जरा विस्तारानं.

आय-बस काढून टाक. इन्स्क्रिप्टसाठी त्याची गरजच नाही. कीबोर्डच्या मूळ मांडणीतच भारतीय गटात 'मराठी, एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट' आहे. ती आणि इंग्रजी अशा दोन मांडण्या लाव, अदलाबदलीला दोन्ही शिफ्ट एकदम किंवा कॅप्सलॉक ठेव. वेगळा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत चालत नाही, रॅम शून्य. उच्चारानुसार रोमन कळांवर टाइप करणाऱ्यांना आय-बस किंवा एफसिटिक्स लागतो, इन्स्क्रिप्टवाल्यांना नाही.

आता पऱ्या. साध्या र ला हलन्त देऊन य जोडला की रफार होतो, सूर्यातला. पऱ्या, दऱ्या, तऱ्हा यांत हवा तो अर्धा र वेगळा आहे, त्याला वेगळं अक्षर आहे: ऱ, खाली टिंब असलेला. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे ची कळ, मग डी ची (हलन्त), मग य ची, म्हणजे तिरक्या रेघेची कळ. तीन ठोके. बाबांना एकदा दाखव, पुन्हा सांगावं लागणार नाही.

इथे एक सापळा आहे तो आधीच सांगते. बऱ्याच जुन्या मजकुरात हेच रूप साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून केलेलं असतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधायला गेलं की एक सापडतं आणि दुसरं नाही. बाबांच्या नोंदींत उद्या 'पऱ्या' शोधून सगळ्या पऱ्यांची यादी करायची झाली तर अर्धी यादी गायब असेल. म्हणून पहिल्या पानापासून एकच पद्धत धरायची, आणि कुठून मजकूर चिकटवला तर तो तपासायचा.

ल आणि श: मराठी वळण आणि हिंदी वळण वेगळं. बहुतेक फॉन्ट हिंदी वळण दाखवतात. डेबियनमध्ये लोहितचा मराठीसाठी वेगळा फॉन्ट आहे, लोहित मराठी. तो बसवून रायटरमध्ये कायमचा ठरवून टाक. आणि मजकुराची भाषा मराठी ठेव, दुसरी राहिली तर शब्दांखाली लाल रेघा येऊ शकतात आणि त्या आखण्यात प्रोसेसरचाही वेळ जातो.

---

माडाची_सावली | १ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४५

निशिगंधताई, झालं! तीन ठोक्यांचा पऱ्या बाबांनी स्वतः केला. फॉन्ट बदलल्यावर नुसता चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं आणि लिहायला लागले.

जुन्या डी ड्राइव्हवरच्या फाइली मात्र उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा खच दिसतो. त्या २००९-१० मधल्या, शाळेच्या कामाच्या.

---

निशिगंध | १ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

त्या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधल्या असणार. तेव्हा सी-डॅकचे किंवा इतर फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. फाइल शाबूत आहे, फक्त तो फॉन्ट नाही म्हणून कळत नाही. रायटरमध्ये उघडून फॉन्टच्या चौकटीत नाव कुठलं येतंय ते बघून मला सांग, त्या नावाचं परिवर्तक शोधू. मूळ फाइलीला हात लावू नकोस, प्रतीवर काम कर. परिवर्तकात सगळ्यात जास्त चुका जोडाक्षरांत आणि पहिल्या वेलांटीत होतात, त्या डोळ्यांखालून घालाव्याच लागतात.

---

गोदाकाठ | २ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

ताई, मेलचं काय केलंत? जीमेलचं जुनं साधं रूप २०२४ च्या सुरुवातीला बंद झालं, आताचं पान या यंत्राला झेपायचं नाही. क्लॉज मेल वापरून बघा, अगदी हलका आहे. गुगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून ॲप पासवर्ड घ्या, तो क्लॉजमध्ये द्या. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या पीसीवर हेच आहे. मराठी विषय आणि मजकूर दोन्ही नीट दिसतात.

आणि फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन घालाच. जाहिराती आणि पाठलाग करणाऱ्या स्क्रिप्ट गेल्या की या वर्गाच्या प्रोसेसरवर पानं निम्म्या वेळात येतात, हा माझा अनुभव. सेशन जपण्याची वेळ १५ सेकंदांवरून ५ मिनिटं करा, सारखं डिस्कवर लिहिणं थांबतं.

---

माडाची_सावली | २ फेब्रुवारी, रात्री ९:००

गोदाकाठ, क्लॉज बसवलं. बाबांची पहिली मेल आली, सोबत विहिरींचं पहिलं प्रकरण, ११ पानं. मनापासून आभार, तुम्ही सुरुवातीला नको म्हणाला होतात तरी.

एक बारीक अडचण. स्क्रीनची उंची ६०० ठिपके. लिब्रेऑफिसच्या सेटिंगची खिडकी खाली जाते आणि ठीक-रद्दची बटणं दिसतच नाहीत.

---

खटपट्या | २ फेब्रुवारी, रात्री ९:२०

ऑल्ट कळ धरून खिडकीत कुठेही क्लिक करा आणि वर ओढा, शीर्षक पट्टी स्क्रीनबाहेर जाईल आणि बटणं दिसतील. तळाची पट्टी डाव्या बाजूला उभी करा. १०२४ रुंदीत ४० ठिपके गेले तर कळत नाही, ६०० उंचीत फार कळतात. रायटरमधल्या दोन टूलबारपैकी एक बंद करा, बाबांना दोन ओळी जास्त दिसतील.

---

नवा_भिडू | ७ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

हा धागा वाचून मीही कपाटातून काढलं. माझ्याकडे एन४५० चं नेटबुक आहे, आणि मावशीकडे एन२६०० चं. दोन्हींवर हेच करू का?

---

खटपट्या | ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:५५

एन४५० हा ६४-बिट आहे, त्यामुळे तुम्ही सरळ डेबियन १३ ची ६४-बिट आवृत्ती घ्या, मुदतीची चिंता नाही. बाकी सगळं वरच्यासारखंच, आधी स्मार्ट बघा.

एन२६०० बाबत सावध राहा. त्यातलं चित्र दाखवणारं यंत्रणेचं अंग इंटेलचं स्वतःचं नाही, पॉवरव्हीआर आहे, आणि लिनक्सवर त्याला चांगला ड्रायव्हर कधीच मिळाला नाही. डेस्कटॉप दिसेल, लिहिणं-वाचणं होईल, पण व्हिडिओची आशा ठेवू नका. मावशींना नक्की काय करायचंय ते विचारून सांगा, मग एसएसडीवर पैसे घालायचे की नाही ते ठरवू.

---

माडाची_सावली | ८ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

नवा_भिडू, रॅम घ्यायला जाताना जुनी पट्टी खिशात ठेवा.

निशिगंधताई, फॉन्टचं नाव 'डीव्हीबी-टीटी सुरेख' असं येतंय. सदतीस फाइली आहेत. शिवाय डीडीरेस्क्यूनं वाचवलेल्या त्या दोन फाइलींपैकी एकीत १९७२ च्या दुष्काळात गावानं खोदलेल्या तीन विहिरींची मजुरांच्या नावांसह यादी आहे, असं बाबा म्हणताहेत. ती आधी घेऊ या का?